गोड आवाजाचा डॉक्टर

“वहिनी, उद्या रेवाला गोवराची लस द्यायचीय,” गावची आशाताई असलेली नणंद शैला उंबऱ्यातूनच म्हणाली.

रेवाच्या आईने, चंद्रकलेने, व्हॉट्सॲपवर फिरत आलेली ध्वनिफीत लावून मोबाइल पुढे केला. “वन्सं, आधी हे ऐका.” शहरी, शुद्ध, आर्जवी आवाज उमटला : ‘मी डॉक्टर बोलतोय. या लशीने लेकरे पांगळी होतात.’

“कोण हा? तू ओळखतेस?”

“एवढं गोड बोलणारा माणूस खोटं बोलेल? आणि तुम्ही तर माझ्यासंगं दहावीला नापास झालेल्या!” चंद्रकला हसली. शैला मान खाली घालून परतली.

पुढे गावात गोवराची साथ आली. रेवाच्या अंगावर पुरळ उठले, तेव्हा देवी आली म्हणून चंद्रकलेने दाराला लिंबाचे डहाळे बांधले आणि पोरीला दवाखान्यापासून दूर ठेवले. ताप मात्र उतरेना, आणि एका सकाळी इवल्या छातीतून घरघर येऊ लागली, तेव्हा तिचा धीर सुटला. शैलाने बोलावलेली रुग्णवाहिका अजून घाटातच होती.

पोरीला मांडीवर घेऊन चंद्रकला नणंदेला म्हणाली, “वन्सं, गाडी येईस्तोवर त्या डॉक्टरांना विचारा ना, आता काय करू?”

शैलाने मोबाइल हाती घेतला. फोन कुणाला लावायचा, ते दोघींनाही ठाऊक नव्हते.