दुसरा शब्द

"ट्रीटेबल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "बट नॉट क्युअरेबल."

बाबांसोबत आलेल्या थोरल्या लेकीनं दोन्ही शब्द मनात तोलले. ऐकायला एकाच घरचे. पण पहिल्याचा अर्थ, दुखण्यावर औषधपाणी करता येतं. दुसऱ्याचा अर्थ, दुखणं कायमचं जातं. बाबांच्या वाट्याला पहिला आला होता, दुसरा नव्हता.

बाबा शेजारच्या खुर्चीत बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले, त्यात इंग्रजीशी कधी गाठ पडली नाही. बँक असो की कचेरी, त्यांचं बोलणं लेकीमार्फत चाले. आणि लेक शाळेत होती तेव्हापासून त्यातलं कडू तेवढं गाळून घ्यायची. साहेब अंगावर खेकसला तर ही सांगायची, "उद्या या म्हणतायत." त्यावरून बाबांनी तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं.

"काय म्हणतायत, वकीलबाई?"

"औषध आहे म्हणतायत, बाबा."

यात खोटं काही नव्हतं. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला.

"हात्तिच्या! मी उगाच धास्ती घेतली. धाकट्याला कळवून टाक, उतरू नकोस म्हणावं. पुढच्या वर्षी येईल तोवर मी खडखडीत होतो."

धाकटा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. बोट आज बंदराला लागली होती आणि संध्याकाळी सुटणार होती. एकदा सुटली की वर्षभर घर नाही. "उतरू का, ताई?" सकाळपासून त्याचं एकच टुमणं चाललं होतं आणि ही त्याला थोपवून धरत होती, डॉक्टरांना भेटू दे म्हणून.

साहेबाचं खेकसणं गिळलं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. हे गिळलं तर बाप-लेकाची भेट जाणार होती. आणि बोलावं, तर बाबांच्या चेहऱ्यावर आत्ता कुठे रंग आला होता.

त्यांना नीट कळलंय ना, असं डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"यस," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

बाबा उठले नाहीत.

"बाई दोनदा बोलल्या," ते म्हणाले.

"अं?"

"एकदा बोलल्या, थांबल्या, मग परत बोलल्या. पहिल्या वेळी तू ठीक होतीस. दुसऱ्या वेळी तुझं तोंड उतरलं. ते काय होतं, ते सांग."

"काही नाही हो, बाबा..."

"माझ्या दुखण्याबद्दल आहे ना? मग माझं मला दे."

तिचे डोळे भरून आले. लहानपणापासून एवढं भाषांतर केलं, पण इतकं जड कधी झालं नव्हतं.

"औषधानं त्रास कमी होईल," ती कशीबशी म्हणाली. "बरेच दिवस चांगले जातील. पण दुखणं... जायचं नाही ते."

"हं."

बाबांनी शर्टाचं सुटलेलं बटण लावलं.

"बोट सुटली नसेल ना अजून? लाव फोन."

तिनं लावून दिला. पलीकडून पहिल्याच घंटीला आवाज आला.

"अरे, उतर तू. ये घरी," बाबा ठणठणीत आवाजात म्हणाले. "हो, भेटलो डॉक्टरांना. औषध आहे म्हणाल्या. मग! बघावंसं वाटलं तुला, म्हणून ये."

फोनमधला आवाज थोरलीलाही स्पष्ट ऐकू आला. "म्हणजे बरे होणार ना, बाबा? नक्की?"

बाबांनी फोन तिच्यापुढे धरला.

"ताईला विचार," ते म्हणाले. "इंग्रजी तिला येतं."