चिलखती गाडीचा आवाज

सलीलने लिलावात घेतलेल्या लष्कराच्या जुन्या चिलखती गाडीत नवंकोरं डिझेल इंजिन बसवलं, हे ऐकून इंदूबाई मुद्दाम बाभुळगावहून यवतमाळला आल्या. त्यांचे मालक भीमराज फौजेत अशीच गाडी चालवायचे.

"एकडाव आवाज आयकव, भाऊ. आमचे हे तोंडानं काढून दाखवत. नातवंडं हासत, म्हणत, आबा फेकून राह्यले. आता ते गेले. खरा आवाज कसा होता, तेवढं आयकू दे."

सलीलने जमलेल्या मित्रांसमोर ऐटीत चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

इंदूबाईंनी कान देऊन ऐकलं. "हे तं काळीपिवळीसारखं वाजते रे!"

"इंजिन नवं आहे ना, काकू. जुनं बिघडलं होतं. भंगारात दिलं."

"असू दे." त्यांनी गाडीच्या जाड पत्र्यावर हात फिरवला. "पण तू तं जुनं आयकलं असशीन. मंग तूच सांग."

त्यांनी डोळे मिटले आणि नवरा काढायचा तसा गाडीचा आवाज तोंडाने काढला. आधी खोकला, मग खोल घरघर आणि शेवटी एक लांब, बारीक शीळ. सलीलच्या मित्रांना हसू आवरेना.

"असाच होता का?"

सलील हसला नाही. स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "अगदी असाच, काकू."

"पाह्य! माहा बुढा फेकत नव्हता," म्हणत त्यांनी पदराने डोळे पुसले.

ती शीळ ऐकूनच तर सलीलने इंजिन बिघडलं असं ठरवलं होतं.