जोडीच्या पाट्या

"सकाळी उठल्यावर पहिलं काय करतोस?"

"खिडकी उघडतो."

"ती जुनी सवय झाली. आता काय करतोस?"

मास्तर टेबलाशी बसून शाळेतून आणलेल्या पाट्या ओल्या फडक्याने पुसत होता. त्याचा हात जरा थांबला. "आताच्या खोलीला खिडकीच नाही. पण तू खिडकीच लिही. त्यांना तीच माहीत आहे."

सिस्टरने मान हलवली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचा दाढीचा ब्रश तिने बाथरूममध्ये ठेवला होता, त्याचा शर्ट दांडीवर टाकला होता. सगळं जागच्या जागी होतं, आणि म्हणूनच सगळं खोटं दिसत होतं. वॉर्डात कुणाच्याही शिरेत अचूक सुई घालणारी ती आज शेंगदाणे बशीबाहेर ओतत होती.

दोघं थंडीत वेगळी झाली होती. भांडण नाही, तंटा नाही. रोज धुतलेला कपडा एके दिवशी हातातच विरावा, तसा संसार विरला. दोघांनी ते हळूहळू पचवलंही होतं. पण पाना आणि बुलबुलला सांगायची छाती होत नव्हती.

पाना गॅरेजवाला, बुलबुल त्याची बायको. मागे एकदा वेगळं व्हायला दोघांनी वकीलही गाठला होता. तेव्हा याच टेबलाशी, खेळ संपल्यावर, बुलबुल डोळे पुसत म्हणाली होती, "तुमच्या पाट्या जुळताना बघितल्या ना, की वाटतं, आपणही टिकवून बघावं." आणि त्यांनी टिकवलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

म्हणून महिन्यातल्या एका शनिवारी मास्तर नवरा होऊन घरी यायचा.

बेल वाजली, तसं सिस्टरने दांडीवरचा शर्ट पुन्हा एकदा सारखा केला.

"अगं, दार उघडायला मुहूर्त बघतेस काय?" पानाचा आवाज जिन्यापासून घरभर झाला. "आणि मास्तर, आज आम्ही जिंकणार हां. गाडीत सराव केलाय."

"सराव कसला? सगळा रस्ता हा हॉर्नशीच बोलत होता," बुलबुल म्हणाली.

"या खेपेला तरी तुमच्याकडे खेळायचं होतं ना रे?" मास्तरने विचारलं.

"रंगारी हलत नाही घरातून."

"भिंती रंगवतोय की लेणी कोरतोय?"

सगळे हसले. सिस्टर सगळ्यात शेवटी हसली.

खेळ त्यांचा त्यांनीच काढलेला होता. जोडीने पाठीला पाठ लावून बसायचं. समोरच्यांनी एक प्रश्न विचारायचा. दोघांनी आपापल्या पाटीवर उत्तर लिहायचं आणि पाट्या एकदम फिरवायच्या.

आधी पाहुणे बसले. सिस्टरने सोपं विचारलं, "पानाच्या चहात साखर किती?"

बुलबुलच्या पाटीवर होतं, 'तीन चमचे.' पानाच्या पाटीवर, 'बिनसाखरेचा.'

"कधीपासून रे?" बुलबुल ओरडली.

"झाले बरेच दिवस. डॉक्टरने सांगितलं."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू भाषण दिलं असतंस!"

पुन्हा हशा. किती मोकळं भांडतात ही दोघं, सिस्टरच्या मनात आलं. चुकायची भीतीच नाही यांना. आम्ही मात्र एकेक उत्तर परीक्षेच्या पोरांसारखं घोकतो.

मग सिस्टर आणि मास्तरची पाळी आली. खिडकी जुळली. जेवताना आधी कोण उठतं, तेही जुळलं. सिस्टरचा श्वास कुठे खाली बसत होता, तोच बुलबुलने हनुवटी तळहातावर टेकवली. "काल झोपताना दिवा कोणी मालवला?"

हे घोकलं नव्हतं.

काल दिवा कुणीच मालवला नव्हता. पुस्तक छातीवर घेऊन ती तशीच झोपली होती, पहाटेपर्यंत दिवा जळत होता. पेन्सिल पाटीवर नुसती करकरली. पाठीला मास्तरची पाठ लागली होती. तीही ताठ झालेली. जे आठवलं ते तिने लिहून टाकलं.

पाट्या फिरल्या.

'त्याने. आधी माझा चष्मा काढला, मग दिवा.'

'मी. तिचा चष्मा काढून.'

कुणीच हसलं नाही. बुलबुलच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "बघ रे," ती पानाला म्हणाली, "याला म्हणतात संसार." पाना शेंगदाण्याची सालं गोळा करत बसला.

सिस्टर चहाचं निमित्त करून आत गेली. मागोमाग बुलबुल आली आणि तिच्या गळ्यात पडली. "असेच राहा गं दोघं. तुमच्याकडे बघून धीर येतो."

"सोड, वेडे. चहा उतू जाईल."

तिथेच तिने मनाशी ठरवलं. जन्मभर घोकावं लागलं तरी घोकेन, पण यांचं घर माझ्या तोंडून मोडायला नको.

पाहुणे गेले. मास्तर दाराशी चपलेत पाय सरकवत उभा राहिला. "ते रस्त्याला लागले की मी निघतो. पुढच्या महिन्यात येतोच. त्यांच्यासाठी."

"त्यांच्यासाठी," ती म्हणाली. तेवढ्यात तिला खुर्चीवर बुलबुलची पर्स दिसली. ती घेऊन ती अनवाणीच जिना उतरली.

खालच्या वळणावर दोघांचा आवाज आला, तशी ती थांबली. पानाचा आवाज इतका हळू तिने कधी ऐकला नव्हता.

"पुढच्या महिन्यातही ये बाई. आपलं कळलं, तर ती दोघं हाय खातील."

"येईन रे," बुलबुल म्हणाली. "पण या खेपेला तुझ्या बायकोला आधी सांगून ये. मागच्या वेळी तिला वाटलं, आपलं पुन्हा जुळतंय."