तिसरं बटण

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी एका कारखान्यात कामगारांना आग कशी विझवायची ते शिकवत होतो. त्या दिवशी ती सोबत आली नव्हती; एरवी एकोणीस वर्षं लॅपटॉपपाशी बसून पडद्यावरची माझी चित्रं तीच बदलायची. मी पाल्हाळ लावला की पडदा काळा करायची. लोक हसायचे आणि मी आवरतं घ्यायचो.

महिन्याभराने लेकीने चित्रं बदलायचा रिमोट आणला. त्याचा बोटाएवढा तुकडा लॅपटॉपला लावला आणि दोन बटणं एकदम दाबून धरली. दिवा लुकलुकायचा थांबला.

"जोडला गेला. हे पुढे, हे मागे. बाबा, तिसऱ्यावर पडदा काळा करायचं लावते."

"ते तुझ्या आईचं खातं."

"मग तुम्हाला थांबवणार कोण?"

"माझा मी थांबेन."

"तुम्ही? आईने हात टेकले होते तुमच्यापुढे."

काल त्याच कारखान्यात गेलो होतो. तासाभराचं शिकवणं पावणेदोन तास चाललं. कामगारांची जेवणाची सुट्टी निघून गेली, तरी कोणी काही बोललं नाही. रिमोट नीट चालला. तिसऱ्या बटणावर अजून काही लावलेलं नाही.