नऊ सीटांचं विमान

आईची एक बाजू लुळी पडली, तसं मुलाने तिला खुर्चीसकट उचलून विमानतळावर आणलं. इस्पितळ पलीकडच्या बेटावर आणि नऊ सीटांचं विमान गच्च भरलेलं. तो एकेकापुढे हात जोडत म्हणाला, "तुम्ही उद्या गेलात तरी चालेल ना?" लग्नाला निघालेले एक काका खिडकीबाहेर बघत बसले. बाकीच्यांनीही माना फिरवल्या.

दुसऱ्या दिवशी जागा मिळाली. डॉक्टर म्हणाले, "कालच आणायला हवं होतं."

परतीच्या विमानात आईची शवपेटी चढवताना वैमानिक म्हणाला, "वजन जास्त होतंय, दोघांना उतरावं लागेल."

सगळेच्या सगळे उठले. सर्वांत आधी, लग्न आटोपून परत निघालेले ते काका. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आधी आईंना घरी ने बाबा. आम्ही काय, उद्या गेलो तरी चालेल."