उलटा प्रतिध्वनी

रविवारी दुपारी ठीक तीन वाजता, चष्म्याच्या दुकानामागील खोलीत, दुकानदार कानांवर हेडफोन चढवून ऑनलाइन खेळाच्या उपांत्य सामन्यास बसला. पाच जणांच्या संघाचा तो सहा वर्षे कप्तान होता. आज हरल्यास कप्तानपद मेहुण्याकडे जाणार, हे ठरले होते.

एकमेकांशी बोलण्याचे ते सॉफ्टवेअर मुळातच टाकाऊ. त्यात स्वतःचे बोलणे मागाहून पुन्हा कानी पडे. त्याच्या सतरा तक्रारींना कंपनीचे उत्तर एकच : बंद करून पुन्हा सुरू करा.

आज मात्र ते बोलणे आधी ऐकू आले. "डावीकडून घुसा," म्हणण्यास त्याने तोंड उघडले, तोच त्याच्याच आवाजात तो हुकूम सुटला. पाठोपाठ त्याचा स्वतःचा.

"भाऊजी, एकदाच सांगा की! बहिरे नाही आम्ही," मेहुणा खेकसला.

त्याने माइक बंद केला. पडद्यावर माइकच्या चिन्हावर लाल फुली उमटली. हुकूम चालूच राहिले. शांत, अचूक, त्याला सुचण्याच्याही आधी. प्रतिपक्षाचे गडी एकामागून एक पडू लागले.

"आज भाऊजी फॉर्मात आहेत!" कोणी हसले.

त्याने घाईने माइक उघडला. "अरे, तो मी नव्हे! थांबा!"

मग त्याच्याच आवाजाने, त्याच्याच नेहमीच्या तुसडेपणाने विचारले, "हा कोण उपटसुंभ मध्येच कडमडला?"

"मी! मीच आहे!" तो ओरडला, आणि हा ओरडणारा आवाज त्याला स्वतःलाही ओळखता आला नाही.

मेहुण्याने निकाल दिला, "कप्तान तुम्हीच, भाऊजी. याला मी बाहेर काढतो."