डेलच्या गाडीचं इंजिन

लोरीनचा पाय गॅरेजात ठरत नव्हता. “काकू, अजून विचार करा,” गाडीतून काढून साखळीला टांगलेलं इंजिन सावरत वेंडेल मिस्त्री म्हणाला. “डेलनं हे कारखान्याला खास सांगून बसवून घेतलंय. अख्ख्या ओहायोत असलं दुसरं इंजिन नसेल. व्हिएतनामच्या लढाईवरून आला की माझी चामडी सोलेल.” “सोलू दे. रस्त्यावर शर्यती लावून मरण्यापेक्षा घरात बसून आईला शिव्या देऊ दे. तू ते साधं सहा सिलिंडरचं घाल. हात चालव, पुढच्या आठवड्यात येतोय तो.” तेवढ्यात फाटकाशी लष्कराची गाडी थांबली. गणवेशातले दोघे उतरले, टोप्या काखेत धरून सावकाश चालत आले. लढाईवर पोर असलेल्या घरी अशी गाडी कोणती बातमी आणते ते वेंडेलला ठाऊक होतं; त्याच्या हातातली साखळी थांबली. लोरीननं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. “मिसेस हॅकेट?” एकानं विचारलं. तिनं दोन्ही हातांनी इंजिन गाडीकडे ढकललं. “बघतोस काय, वेंडेल? परत बसव हे. त्याला कळायच्या आत.”